मोबाइलवर वेबसाइट आडवी सरकते, उजवीकडे पांढरी पट्टी दिसते: दोष कुठे आणि कसा शोधायचा

आधी लक्षणं. कॉम्प्युटरवर पान व्यवस्थित दिसतं, पण फोनवर यातलं काहीतरी होतं:

- बोटाने ओढलं की पान डावीकडे सरकतं आणि उजव्या कडेला रिकामी पट्टी उघडी पडते.
- पान सरकत नाही, पण सगळंच इतकं बारीक दिसतं की चिमटीने मोठं केल्याशिवाय वाचता येत नाही.
- मेन्यूचं तीन रेघांचं बटण अर्धं किंवा पूर्ण स्क्रीनबाहेर गेलेलं असतं.
- उभ्या फोनवर ठीक, फोन आडवा धरला किंवा टॅबलेटवर पाहिलं की लेआउट तुटतो.
- तुमच्या फोनवर छान, गिऱ्हाइकाच्या फोनवर बिघडलेलं.
- फॉर्ममध्ये नाव लिहायला टॅप केलं की आयफोनवर पान एकदम मोठं होतं.
- मराठी मथळ्यांचे रफार, वेलांट्या वरून कापल्या जातात किंवा दोन ओळी एकमेकींवर चढतात.

यादी लांब असली तरी रोग मुख्यतः दोनच. पान बारीक दिसत असेल तर ब्राउझरला स्क्रीनची खरी रुंदी कळलेलीच नाही. पान सरकत असेल तर रुंदी कळली आहे, पण पानावरची एखादी वस्तू त्या रुंदीत मावत नाही. बहुतेक वेळा अशी वस्तू एकच असते. बाकी सगळं पान निर्दोष असतं आणि त्या एका तक्त्यापायी किंवा व्हिडिओपायी अख्खी साइट मोडल्यासारखी दिसते. म्हणून थीम बदलणं, नवं प्लगइन टाकणं, ‘मोबाइलसाठी वेगळी साइट करू’ असले विचार तूर्त बाजूला ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट. सीएसएसमधली (म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या नियमांमधली) नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत जातील. आणि फाइलला हात लावायच्या आधी बॅकअप घ्या. पहिल्या दोन तपासण्यांना त्याचीही गरज नाही.

फोनची सेटिंग बघा

तक्रार करणाऱ्याच्या फोनवर क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके दाबा आणि ‘डेस्कटॉप साइट’समोर टिक आहे का ते पाहा. बँकेचं किंवा सरकारी पोर्टल उघडताना कुणीतरी ती टिक केलेली असते आणि नंतर विसरून गेलेलं असतं. ती असली की फोन पानाला आपली खरी रुंदी सांगत नाही. पान सुमारे 980 पिक्सेल रुंदीवर मांडलं जातं आणि मग स्क्रीनवर बसवायला आक्रसलं जातं. अशा वेळी साइटमध्ये शोधायला काहीच नसतं.

दुसरी सेटिंग ‘डिस्प्ले साइज’ची. वडीलधाऱ्या मंडळींच्या फोनवर ती वाढवलेली असते. ती वाढवली की ब्राउझरच्या हिशेबातली स्क्रीन अरुंद होते. 360 पिक्सेलची रुंदी 320 पर्यंत येऊ शकते. ‘माझ्या फोनवर ठीक आहे’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे मिळतं. फरक इतकाच की या वेळी दोष फोनचा नाही, तुमच्या साइटचा आहे. वेब सुलभतेच्या 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही 320 पिक्सेलवर आडवा स्क्रोल न येता मजकूर वाचता यावा अशी अट आहे. तेच माप धरून चाला.

कॅशे

कॅशे म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवून ठेवलेली जुनी प्रत. तीच साइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे ठीक दिसली तर ब्राउझरने जुनी सीएसएस फाइल धरून ठेवली आहे. तिथेही बिघडलेली दिसली तरी लगेच निष्कर्ष काढू नका. वर्डप्रेसचं कॅशे प्लगइन, होस्टिंगचा कॅशे आणि सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर त्याचा, असे तिन्ही रिकामे करून पुन्हा बघा.

ही तपासणी दुरुस्तीच्या आधी करायची, कारण नाहीतर तुम्ही बरोबर ओळ लिहाल, फरक दिसणार नाही, म्हणून आणखी चार चुकीच्या ओळी लिहाल आणि संध्याकाळी कॅशे आपोआप साफ झाल्यावर पाचही एकदम लागू होतील. स्टाइलशीटच्या (सीएसएस फाइलच्या) पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा आकडा लावायची सवय ठेवा. बदल केला की आकडा वाढवायचा, म्हणजे ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते.

व्ह्यूपोर्टची ओळ

पान बारीक दिसत असेल आणि वरची दोन्ही कारणं नसतील तर ‘व्ह्यू पेज सोर्स’ उघडून हेड विभागात ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा मेटा टॅग शोधा. त्यात दोनच गोष्टी हव्यात: विड्थ = डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल = 1.

या ओळीमागे इतिहास आहे. 2007 मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा जवळपास सगळ्या साइट मोठ्या पडद्यासाठी बनवलेल्या होत्या. त्या फोनवर तुटू नयेत म्हणून सफारीने पान 980 पिक्सेलचं आहे असं गृहीत धरून मांडायचं आणि मग लहान करून दाखवायचं ठरवलं. इतर मोबाइल ब्राउझरांनीही तीच रीत उचलली, आणि आजही तुम्ही ही ओळ लिहिली नाहीत तर फोन तसंच वागतो. तुमच्या मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीलाच लागू होणारे सीएसएसचे नियम) कितीही अचूक असोत, ब्राउझरच्या लेखी स्क्रीन 980 ची असेल तर 600 च्या आतले नियम कधी लागायचेच नाहीत.

ओळ नसणं हा सोपा दोष झाला. कधी ती दोनदा असते, एक थीमने घातलेली आणि एक प्लगइनने, आणि दोघींत वेगळी मूल्यं. कधी डिव्हाइस-विड्थच्या जागी कुणीतरी 1024 असा ठोक आकडा ठेवलेला असतो. आणि कधी ‘युझर-स्केलेबल = नो’ असं लिहून चिमटीने मोठं करण्याची सोयच बंद केलेली असते. हे काढून टाका. त्याने लेआउट सुधारत नाही, ज्यांना बारीक दिसत नाही त्यांची अडचण मात्र होते. आयफोन 2016 पासून हे बंधन तसाही मानत नाही.

जाता जाता: फोनच्या खोक्यावर 1080 पिक्सेल लिहिलेलं असतं म्हणून मीडिया क्वेरीत 1080 लिहू नका. अशा फोनवर साधारणपणे पडद्याचे तीन ठिपके मिळून सीएसएसचा एक पिक्सेल होतो, म्हणून ब्राउझरच्या दृष्टीने रुंदी 360 च असते.

कोणत्या आकड्याला तुटतं?

आता कॉम्प्युटरवर या. क्रोममध्ये एफ12 दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम. वरच्या यादीतून फोनचं मॉडेल निवडू नका. ‘रिस्पॉन्सिव्ह’ ठेवा आणि उजवी कड माउसने धरून 1400 पासून 320 पर्यंत हळूहळू आणा. पान कुठे तुटतं तो आकडा कागदावर लिहा.

हा आकडा अर्धं निदान आहे. 768 किंवा 992 अशा नेमक्या ब्रेकपॉइंटला (मीडिया क्वेरीत लिहिलेल्या, मांडणी बदलणाऱ्या रुंदीला) एकदम उडी मारून बिघडत असेल तर दोष मीडिया क्वेरीत शोधा. 590, 437 अशा आडनिड्या आकड्यापासून आडवा स्क्रोल सुरू होत असेल आणि खिडकी जितकी लहान कराल तितका तो वाढत असेल, तर साधारण तेवढ्याच रुंदीची एक वस्तू पानावर ठाण मांडून बसली आहे. 590 ला सुरू झालं तर मला आधी यूट्यूबची आठवण येते. त्याचा एम्बेड कोड 560 रुंदीचा येतो, आणि दोन्ही बाजूंचं पॅडिंग (पेटीच्या आतली मोकळी जागा) धरलं की हिशेब जुळतो.

पट्टीची रुंदीही बोलते. 12 किंवा 15 पिक्सेलची बारीक पट्टी असेल तर बूटस्ट्रॅपची (तयार सीएसएसच्या एका प्रसिद्ध संचाची) ‘रो’ कुणीतरी ‘कंटेनर’च्या बाहेर ठेवली आहे असं समजा. रोला दोन्ही बाजूंना ऋण मार्जिन असतो, पाचव्या आवृत्तीत 12 आणि चौथीत 15. तो कंटेनरच्या पॅडिंगमध्ये जिरायचा असतो. कंटेनर नसेल तर बाहेर डोकावतो.

गुन्हेगार पकडा

सगळ्यात स्वस्त युक्ती ही: इन्स्पेक्टरमध्ये (एफ12 दाबल्यावर दिसणाऱ्या पानाच्या कोडमध्ये) पानाचे मोठे विभाग एकेक करून निवडा आणि डिलीट दाबा. ज्या विभागापाशी आडवा स्क्रोल नाहीसा होईल त्यात गुन्हेगार आहे. पान रिफ्रेश केलं की सगळं परत येतं, साइटला काही होत नाही. मग त्याच विभागाच्या आत हेच पुन्हा करा.

दुसरी युक्ती, सगळ्या घटकांना (तारकेचं चिन्ह वापरून) तात्पुरती लाल ‘आउटलाइन’ द्या. ‘बॉर्डर’ नको. बॉर्डर जागा व्यापते आणि स्वतःच मांडणी बिघडवते, आउटलाइन जागा घेत नाही. फायरफॉक्स असेल तर आणखी सोपं. त्याच्या इन्स्पेक्टरमध्ये सरकणाऱ्या घटकापुढे ‘स्क्रोल’ अशी छोटी चिठ्ठी दिसते, तिच्यावर क्लिक केलं की बाहेर जाणारा घटक तो स्वतःच दाखवून देतो. या एका कामासाठी मी फायरफॉक्स ठेवून आहे.

नेहमीचे संशयित

फोटो: ‘मॅक्स-विड्थ 100%’ आणि सोबत ‘हाइट ऑटो’. दुसरी ओळ विसरलात तर फोटो रुंदीला आक्रसतो, उंची तशीच राहते आणि माणसं काठीसारखी दिसतात. व्हिडिओला ‘विड्थ 100%’, ‘हाइट ऑटो’ आणि ‘अॅस्पेक्ट-रेशो 16/9’.

पॅडिंग: रुंदी 100% आणि वर 20-20 चं पॅडिंग म्हणजे 360 च्या स्क्रीनवर 400 ची पेटी. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहिलं की पॅडिंग रुंदीच्या आत धरलं जातं.

तक्ता इथे सगळ्यात हट्टी. कोकणातल्या एका होमस्टेच्या साइटवर खोल्यांच्या दरांचा सहा रकान्यांचा तक्ता होता: खोलीचा प्रकार, माणसं, हंगामातला दर, एरवीचा दर, जेवणासह, जादा गादी. रकान्यांच्या डोक्यावर ‘वातानुकूलित’, ‘गणेशोत्सवात’ असे शब्द. ब्राउझर तक्ता आक्रसवतो, पण रकान्यातल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा अरुंद करत नाही. अशा सहा शब्दांची बेरीज फोनच्या रुंदीपलीकडे जाणारच. अक्षर 10 पिक्सेलचं करणं हा उपाय नव्हे. तक्त्याभोवती एक डिव्ह (साधी पेटी) घाला आणि त्या डिव्हला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्या. मग तक्ताच तेवढा आडवा सरकतो, पान जागेवर राहतं. त्याहून बरं म्हणजे मालकाला विचारा की सहाही रकाने हवेतच का. जादा गादीचा दर तक्त्याखाली एका ओळीत लिहिला तरी पाहुण्याला कळतो.

न तुटणारा मजकूर: लांबलचक ई-मेल, लिंक, खाते क्रमांक. त्यांना ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’. ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ सगळ्या पानाला लावू नका, मराठी शब्द वाटेल तिथे तुटतात आणि वाचणारा वैतागतो. मथळ्यात ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ किंवा ‘महाविद्यालयांमधील’ असा शब्द 48 पिक्सेलमध्ये असेल तर शब्द तोडण्यापेक्षा अक्षर लहान करा: ‘क्लॅम्प’ फंक्शनमध्ये किमान 1.5 रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीतलं माप), मधलं मूल्य 7 व्हीडब्ल्यू (एक व्हीडब्ल्यू म्हणजे स्क्रीनच्या रुंदीचा शंभरावा भाग), कमाल 3 रेम. किमान आणि कमाल मर्यादा न घालता नुसतं व्हीडब्ल्यू वापरलं तर ब्राउझरचं झूम वाढवूनही अक्षर मोठं होत नाही, म्हणून क्लॅम्प.

लपवलेला मेन्यू: स्क्रीनबाहेर उजवीकडे ‘राइट: -300’ असा ठेवलेला मेन्यू पानाला 300 ने रुंद करतो. तोच डावीकडे लपवला तर काही होत नाही, कारण पानाच्या सुरुवातीच्या मागे ब्राउझर सरकतच नाही. उजवीकडून तरंगत येणारी अॅनिमेशनंही हाच घोटाळा करतात, आणि ती संपली की दोष गायब होतो, म्हणून सापडत नाहीत.

फ्लेक्स आणि ग्रिड (घटक ओळीत किंवा चौकटींत मांडण्याच्या सीएसएसच्या पद्धती): इथे जाणकारही अडकतात. फ्लेक्सच्या आतल्या घटकाची किमान रुंदी शून्य नसते, ‘ऑटो’ असते. म्हणजे आतला मजकूर जितका आक्रसू शकतो त्याखाली तो घटक जात नाही. त्याला ‘मिन-विड्थ: 0’ द्या. ग्रिडमध्ये ‘1एफआर’च्या (उरलेल्या जागेच्या एका वाट्याच्या) जागी ‘मिनमॅक्स(0, 1एफआर)’. या एका ओळीने सुटणाऱ्या साइटसाठी लोकांनी थीम बदलल्याचं पाहिलं आहे.

‘100 व्हीडब्ल्यू’: हा फक्त कॉम्प्युटरवरचा दोष. विंडोजमध्ये उभा स्क्रोलबार 15-17 पिक्सेल जागा खातो, पण 100 व्हीडब्ल्यू मोजताना तो वजा होत नाही. साधं 100% वापरा.

झाकू नका

इंटरनेटवर पहिला सल्ला मिळेल तो म्हणजे बॉडीला (अख्ख्या पानाला) ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’, म्हणजे आडवं बाहेर जाणारं लपवा. पांढरी पट्टी जाते, गिऱ्हाईक खूश होतं. पण ओल येणाऱ्या भिंतीवर कॅलेंडर टांगण्यापैकी हा प्रकार. जे बाहेर जात होतं ते अजूनही बाहेरच आहे, फक्त आता तिथपर्यंत पोचता येत नाही. त्या होमस्टेच्या तक्त्यावर हे लावलं असतं तर ‘जेवणासह’ हा रकाना फोनवर कुणालाच दिसला नसता आणि पाहुण्यांचे फोन सुरू झाले असते. शिवाय हेच एचटीएमएल आणि बॉडी दोन्हींवर किंवा मधल्या एखाद्या रॅपरवर लावलं की वर चिकटून राहणारा ‘स्टिकी’ हेडर चिकटेनासा होतो. निव्वळ सजावटीचं काही बाहेर जात असेल तर त्या विभागापुरतं ‘ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप’ लावा. त्याने स्टिकी बिघडत नाही.

मीडिया क्वेरी लिहिली आहे, पण लागत नाही

वरचं सगळं तपासून झाल्यावरच इथे या, कारण इथून पुढे कोड वाचावा लागतो.

क्रम आधी बघा. मीडिया क्वेरीत नियम घातल्याने त्याचं वजन वाढत नाही. समान वजनाच्या दोन नियमांत जो फाइलमध्ये नंतर येतो तो जिंकतो. म्हणून मोबाइलचा नियम वर आणि साधा नियम खाली असेल तर साधाच लागेल. ‘मिन-विड्थ’ वापरत असाल तर लहान आकड्याकडून मोठ्याकडे, ‘मॅक्स-विड्थ’ वापरत असाल तर मोठ्याकडून लहानाकडे लिहा. दोन्हींची खिचडी नको.

मग कंस मोजा. महिरपी कंस एक कमी पडला तरी पुढचे नियम गिळले जातात, आणि ब्राउझर कुठेही तक्रार करत नाही. ‘अँड’ आणि गोल कंस यांच्यामध्ये जागा सोडलेली हवी, ती नसेल तर क्वेरी बाद. सीएसएसचे व्हेरिएबल मीडिया क्वेरीच्या अटीत चालत नाहीत.

एका नियमात कमाल 767 आणि दुसऱ्यात किमान 768 असेल तर मध्ये फट राहते. विंडोजचं स्केलिंग 125% असताना रुंदी 767.5 अशी अपूर्णांकात येऊ शकते आणि मग दोन्ही नियम लागत नाहीत. बूटस्ट्रॅप 767.98 लिहितं ते यासाठी. आता ‘विड्थ < 768’ असं थेट लिहिता येतं, 2023 पासून सगळे मोठे ब्राउझर ते समजतात.

आणि पेज बिल्डर (कोड न लिहिता पान बनवायचं साधन) वापरत असाल तर त्याचे स्वतःचे ब्रेकपॉइंट असतात. तुम्ही 768 धरून बसलात आणि बिल्डरने 1024 धरलं, तर मधल्या पट्ट्यातले टॅबलेट बिघडणारच.

मराठी मजकुराचं वेगळं

थीम इंग्रजीसाठी बनवलेली असते. मथळ्याची लाइन-हाइट 1.1 आणि पेटीची उंची ठरावीक. कॉम्प्युटरवर मथळा एका ओळीत बसतो, फोनवर त्याच्या दोन ओळी होतात आणि ‘सर्वांसाठी’मधला रफार-अनुस्वार वरच्या ओळीच्या उकारात घुसतो. मथळ्याला 1.4 ते 1.5 लाइन-हाइट द्या, ‘हाइट’ काढून ‘मिन-हाइट’ ठेवा. ‘लेटर-स्पेसिंग’ असेल तर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते.

आयफोनवर फॉर्म मोठा होतो त्याचं कारण रकान्यातलं अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान आहे. 16 करा, संपलं. पहिल्या पडद्याचं बटण पत्त्याच्या पट्टीखाली जात असेल तर ‘100 व्हीएच’ऐवजी ‘100 डीव्हीएच’ (पट्टी वजा जाता प्रत्यक्ष दिसणारी उंची).

कुठे थांबायचं

बॅकअप नसेल तर थांबा. दुरुस्तीसाठी मूळ थीमची फाइल बदलावी लागणार असेल तरी थांबा. पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल, त्यासाठी चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली, आपले बदल ठेवायची वेगळी थीम) लागते. तोपर्यंत छोटे बदल वर्डप्रेसच्या ‘अतिरिक्त सीएसएस’मध्येच ठेवा. पैसे भरण्याच्या किंवा बुकिंगच्या पानावर दोष असेल तर चालू साइटवर प्रयोग नकोत. रुंदी जावास्क्रिप्टने मोजून लावली जात असेल, तर सीएसएसने कितीही झगडलात तरी स्क्रिप्ट पुन्हा आपलंच खरं करेल. आणि अख्खं पानच तक्त्यांत बांधलेली जुनी साइट असेल तर तिच्यावर ठिगळं लावण्यापेक्षा ती नव्याने बांधणं स्वस्त पडतं.

डेव्हलपरला बोलावताना ‘मोबाइलवर बिघडलंय’ एवढंच सांगू नका. फोनचं मॉडेल, ब्राउझर, स्क्रीनशॉट, कोणत्या रुंदीला तुटतं तो आकडा आणि तुम्ही स्वतः काय काय बदललंत ते लिहून द्या, म्हणजे शोधाशोधीचे पैसे वाचतात. काम झाल्यावर बाहेर जाणारा घटक कोणता होता हे विचारा. उत्तर म्हणून तुम्हाला नुसती बॉडीवरची ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ ही ओळ दाखवली गेली, तर बिल देण्याआधी ती ओळ काढून 320 च्या रुंदीवर साइट पुन्हा उघडून दाखवायला सांगा.